सिलेंडरखालची लग्नपत्रिका

तात्यांनी पान्यांचा अख्खा सेट उशीखाली दडवला, त्या दुपारी पद्मजेनं त्यांच्या वरणात मीठ घातलं नाही. तात्या न बोलता अळणी वरणभात जेवले, पद्मजेनंही न बोलता वाढला. जेवणं आटोपल्यावर तिनं चादर बदलायच्या निमित्तानं त्यांना उठवलं, पाने काढून घेतले आणि मागच्या पडवीत जाऊन अर्धवट राहिलेलं काम पुढं सुरू केलं.

नव्वदीचे तात्या आणि साठी उलटलेली त्यांची लेक पद्मजा गिरगावातल्या बिवलकर वाडीत तळमजल्याच्या दोन खोल्यांत राहायची. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. धाकटा भाऊ विनीत पुण्यात स्थायिक झालेला. पद्मजेनं लग्न केलं नव्हतं. सरकारी खात्यात टंकलेखिका म्हणून लागली आणि अधीक्षक होऊन बाहेर पडली. वाडीतले लोक म्हणायचे, काय ती म्हाताऱ्या बापाची सेवा करते. सेवा कसली डोंबलाची. दोन मांजरं एका पोत्यात घालून वर गाठ मारलेली, आणि गाठ सोडायला कोणी फिरकत नव्हतं.

भांडणाला ताजं कारण होतं जिन्याखालची मोटारसायकल. अडीचशे सीसीची जावा, मैसूरला बनलेली, तात्यांनी बहात्तर साली एका पारशाकडून घेतलेली. त्र्याऐंशीपासून ती बंद होती. मधल्या काळात जुन्या गाड्यांचे किती शौकीन येऊन गेले, पण तात्यांनी एकालाही हात लावू दिला नाही. ‘जीव आहे त्यांचा त्या गाडीत,’ असं सगळे कौतुकानं म्हणायचे. आता इमारत पाडायची ठरली होती, लोक भाड्याची घरं शोधत होते, आणि सेक्रेटरी रमाकांतनं नोटीस लावली होती की जिन्याखालचं सामान महिनाअखेर हलवलं नाही तर भंगारवाला नेईल.

विनीतचा लगेच फोन आला. त्याच्या मुलाचा, ध्रुवचा, पुण्यात कॅफे होता आणि दारात उभी करायला त्याला जुनी मोटारसायकल हवी होती. नुसती वरून रंगवायची, इंजिनाला हातसुद्धा लावायचा नाही. तात्यांनी एका शब्दात होकार दिला. एरवी विनीतनं मागितलेला रुमालसुद्धा ते चार दिवस विचार करून द्यायचे.

पद्मजा म्हणाली, “मी ती उघडणार आहे. नीट करणार आहे आणि चालवणार आहे.”

“बायकांच्या हातात यंत्र म्हणजे माकडाच्या हातात कोलीत,” तात्या म्हणाले. “एकदा वाट लावलीस तेवढी पुरे.”

ही ‘एकदा’ची गोष्ट ऐकली नाही असा माणूस त्यांच्या नात्यागोत्यात शिल्लक नव्हता. त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत तात्यांनी स्वतःच्या हातानं गाडीचं इंजिन उघडून पुन्हा बांधलं होतं. ते विमा कंपनीत कारकून, पण कुठल्याही कामाला बाहेरचा माणूस बोलवणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांच्या घरात वाकडे खिळे ठोकून सरळ केले जायचे, मिठाईच्या पुड्याचा दोरा गुंडाळून ठेवला जायचा आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर वाणसामानाच्या याद्या लिहिल्या जायच्या. नवीन वस्तू आणली तरी ती कपाटात जायची आणि जुनीच वापरात राहायची. तर इंजिन बांधून आठ दिवस होतात न होतात, तोच एका रविवारी दुपारी तात्या घोरत असताना पद्मजेनं किल्ली उचलली. ती एकोणीस वर्षांची होती, मेकॅनिकलच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. वर्गात बावन्न मुलगे आणि ही एकटी. पंपावर तिनं पाच लिटर पेट्रोल भरलं आणि त्यात पाव लिटर तेल ओतलं. या गाडीला वेगळं इंजिन ऑइल लागत नाही, पेट्रोलात मिसळलेलं तेल हेच तिचं वंगण. चौपाटीवरून ती मरीन ड्राइव्हला लागली, गाडी साठच्या वेगात, आणि मत्स्यालयाच्या अलीकडं इंजिन जागच्या जागी जाम झालं, गॅरेजच्या भाषेत सीझ झालं. गाडी ढकलत ढकलत तिनं वाडीत आणली.

तात्यांनी वाडीच्या तोंडाशीच निकाल दिला. कार्टीनं तेल घातलं नाही. पद्मजा रडून रडून सांगत राहिली की घातलं होतं, पण तिचं ऐकतो कोण? मे महिन्यात मावसबहीण सुलभाचं लग्न झालं. तिथं पद्मजा पंगतीत मठ्ठा वाढत होती आणि तात्या तिच्यासमोरच दहाजणांना ही गोष्ट हातवारे करून सांगत होते. जुलैत तिसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, जिला पेट्रोलात तेल घालायचं कळत नाही तिनं यंत्रांच्या वाटेला जाऊ नये. ऑगस्टमध्ये पद्मजा टायपिंगच्या क्लासला बसली. पुढं विनीतनं ती गोष्ट बायकोला सांगितली, मुलाला सांगितली. ध्रुव तर लहानपणापासून तिला ‘सीझ आत्या’ म्हणायचा आणि सगळे हसायचे. पद्मजाही हसायची, कारण न हसणाऱ्याला आपल्याकडं विनोद कळत नाही म्हणतात.

खरं सांगायचं तर तिला गाडीची हौस फारशी उरलेली नव्हती. तिला एक वाक्य हवं होतं, तात्यांच्या तोंडून आणि विनीतला ऐकू जाईल असं, की पद्मजेची चूक नव्हती. आणि ते मिळेल की नाही याची तिला स्वतःलाही खात्री नव्हती. बेचाळीस वर्षं एकच गोष्ट कानांवर पडत राहिली की माणूस स्वतःवरही संशय घेतो. रात्री पडल्यापडल्या कधी तिच्या मनात यायचं, ओतलं होतं ना आपण तेल? इंजिन उघडलं की काय ते कळणार होतं. तिच्या बाजूनं निघालं तर निघालं, नाहीतर ध्रुव म्हणतो तेच तिचं नाव.

रमाकांतच्या दोन पोरांच्या मदतीनं गाडी पडवीत आली आणि लढाई जुंपली. पद्मजेनं टाकी उतरवली, चाकं काढली, वायरी सोडवल्या. निघालेला प्रत्येक नट, बोल्ट आणि वॉशर ती जुन्या इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवायची आणि खळग्याशेजारी चिकटपट्टीवर नाव लिहायची. तात्यांनी आधी रॉकेलच्या वासानं दम लागतो म्हणून डॉक्टरांना बोलावलं. मग पडवीत कारखाना चालतो म्हणून सोसायटीकडं लेखी तक्रार दिली, स्वतःच्याच घराविरुद्ध. रमाकांत तक्रार घेऊन आला, पडवीकडं बघून कपाळाला हात लावून गेला. आणि एका सकाळी पद्मजा भाजी घेऊन आली तर इडलीपात्राचे सगळे थाळे रिकामे आणि नटबोल्ट आंघोळीच्या बादलीत एकत्र.

“मांजरीनं पाडलं,” तात्या वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले.

त्या घरात बारा वर्षांत मांजर शिरलं नव्हतं. पद्मजेनं तात्यांच्या श्रवणयंत्रातला सेल काढून घेतला, आणि ती दोन दिवस बसून एकेक बोल्ट निवडत होती तेवढे दोन दिवस तात्या रेडिओला कान लावून बहिऱ्यासारखे बसून राहिले. तिनंही काही कमी केलं नाही, हे इथं सांगायला हवं. त्यांचा चहा ती मुद्दाम गार करून द्यायची. त्यांना मंडईतली पातळ सालीची केळी आवडायची म्हणून ती जाड सालीची आणायची.

तात्या घाबरले होते, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. तिला वाटलं, म्हातारा नेहमीसारखाच खवचटपणा करतोय.

चाकाजवळचा एक भाग काही केल्या निघेना, तेव्हा तिला ऑपेरा हाउसच्या स्पेअरच्या दुकानात भेटलेले जयवंतभाऊ आठवले. करी रोडला राहायचे, मूळचे मालवणकडचे, परळच्या गिरणीत फिटर होते. संपानंतर त्यांनी तीस वर्षं गॅरेजात काढली. त्यांनी रुतलेला भाग ओढून काढायचा आपला पुलर आणून दिला, तासभर उभं राहून तिचं काम बघितलं आणि जाताना म्हणाले, “ताई, तुमचा हात बरा आहे. संक्रांतीनंतर येतो पुलर न्यायला.” तेवढ्या वाक्यावर पद्मजा दोन दिवस खुशीत होती.

इंजिनाचं सिलेंडर मात्र बसलेलं होतं ते बसलेलंच. तिनं आठ दिवस त्यात डिझेल भरून ठेवलं. रोज सकाळी लाकडी बत्त्यानं चारी बाजूंनी हलकेच ठोकायचं आणि सोडून द्यायचं. नवव्या दिवशी ते हललं. तिनं दोन्ही हातांनी धरून ते उचललं, पडवीच्या पायरीवर उन्हात नेलं आणि आत बघितलं.

तेलाशिवाय चाललेलं इंजिन जाम होतं, तेव्हा पिस्टनचा धातू तापून सगळीकडं फासला जातो, आत जिकडंतिकडं ओरखडे दिसतात. महिनाभर रोज व्हिडिओ बघून तिला ते पाठ झालं होतं. इथं तसं काहीच नव्हतं. सिलेंडरचा आतला भाग गुळगुळीत होता, आणि फक्त एका बाजूला वरून खालपर्यंत नख जाईल एवढा खोल, सरळ चर पडलेला. तिनं पिस्टन फिरवून बघितला. पिस्टनच्या आडव्या पिनेला दोन्ही टोकांना तारेची एकेक बारीक कडी बसवतात, पिन सरकू नये म्हणून. गॅरेजात तिला लॉक म्हणतात. डाव्या टोकाचं लॉक जागेवर नव्हतं. ते निसटलं होतं, पिन सरकत बाहेर आली होती आणि सिलेंडरला घासून रुतली होती. उजव्या टोकाचं लॉक होतं, पण त्यावर पकडीचे दात उमटलेले. नव्या लॉकवर असे दात नसतात. जुनं लॉक काढताना वाकडं झालं की ते फेकून द्यायचं, हे गॅरेजातलं शेंबडं पोरगंही जाणतं. इथं कुणीतरी ते पकडीनं सरळ करून परत घातलं होतं, घरातल्या खिळ्यांसारखं.

तेल तिनं घातलं होतं. पद्मजा पायरीवर बसून मोठ्यानं हसली, एकटीच.

हसण्याचा भर ओसरल्यावर ती पुन्हा कामाला लागली. सिलेंडर जिथं टेकतं तिथं कागदाचं पॅकिंग चिकटलेलं होतं, हातानं कापलेलं. तिनं ब्लेडनं ते कडेकडेनं सोडवलं आणि उलटं केलं. तेलानं पिवळ्या पडलेल्या जाड कागदावर लाल अक्षरं होती. ‘चि. सौ. कां. सुल’, आणि पुढं बोल्टचं भोक. खालच्या कडेला ‘वैशाख शु. ५, शके १९०५’.

ती सुलभाच्या लग्नाची पत्रिका होती.

पद्मजेनं ब्लेड बाजूला ठेवलं. गाडी फेब्रुवारीत बंद पडली. लग्न मे महिन्यात. म्हणजे पत्रिका घरात आल्यावर कुणीतरी हे इंजिन उघडलं होतं, आतला चर बघितला होता, आणि जुन्या पत्रिकेचं पॅकिंग कापून ते जसंच्या तसं बंद करून ठेवलं होतं. असं पॅकिंग कापणारा माणूस या घरात एकच. जुलैत फी नाकारली तेव्हाही त्याला सगळं माहीत असणार. आणि बेचाळीस वर्षं गाडी विकली नाही ती जीव होता म्हणून नव्हे. विकत घेणारा इंजिन उघडणार, उघडलं की कळणार, एवढीच धास्ती होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. म्हणून तर कॅफेला तशीच द्यायची घाई झाली होती.

ती तडक आत गेली आणि तात्यांच्या वर्तमानपत्रावर ते पॅकिंग ठेवलं. तात्यांनी चष्मा सारखा केला, वाचलं आणि बोटानं दूर सारलं.

“तुम्हाला माहीत होतं,” पद्मजा म्हणाली.

“होतं.”

“जुलैच्या आधी?”

“हो, आधी. मग?”

“मग? मग मला का बसवलंत घरी?”

तात्यांनी चष्मा काढून पुसला. “बावन्न मुलगे आणि तू. तुझी आई रोज तू येईपर्यंत दारात उभी असायची. मला ते बंद करायचं होतं आणि कारण सापडत नव्हतं. तू ते स्वतःहून आणून दिलंस. हातात आलेलं कारण कोण सोडतो?”

“आणि चूक तुमची निघाली तरी?”

“बापाची चूक असली म्हणून लेकीनं किल्ली चोरायची असते का?” तात्यांचा आवाज चढला. “जा, सांग विनीतला. बघू तुझं कोण खरं मानतो.”

तिनं तिथंच फोन लावला. विनीत ‘बोल ताई’ म्हणतो न म्हणतो तोच तात्यांनी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. या वयात एवढी चपळाई कुठून आली कोण जाणे. “विनीत, अरे हिनं इंजिन उघडून सत्यानाश केलान. आता त्यात काही राहिलं नाही. तू शनिवारी टेम्पो पाठव आणि आहे ते घेऊन जा.”

पलीकडून विनीतचं हसणं पद्मजेलाही ऐकू आलं. “ताई, परत? अगं, एकदा सीझ करून पोट भरलं नाही का तुझं?”

पद्मजा वाद घालत बसली नाही. ती पडवीत गेली, पिस्टन रॉकेलनं स्वच्छ धुतला आणि बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये, तात्यांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या घड्याळाशेजारी, पिनेची बाजू पुढं करून ठेवला. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. तात्या वाडीतले सगळ्यांत थोरले, त्यामुळं रथसप्तमीपर्यंत तिळगूळ घेऊन पाया पडायला येणाऱ्यांची रीघ लागायची, आणि येणारा प्रत्येकजण शोकेससमोरच्याच खुर्चीत बसायचा.

“हे काय ठेवलंय?” लोक विचारायचे.

“तात्यांना विचारा,” पद्मजा गोड आवाजात म्हणायची आणि आत निघून जायची.

तात्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, पद्मजेनं बिघडवलेला पिस्टन आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, काही नाही, भंगार आहे. तिसऱ्या दिवशी ऐकू न आल्याचं सोंग केलं. भांडी घासायला येणाऱ्या राधाबाईला त्यांनी तो कचऱ्यात टाकायला सांगितला, तर ती म्हणाली, “मी भांडी घासते तात्या, भांडणात पडत नाही.” रोज चारपाच माणसं यायची आणि रोज तात्यांना त्यांच्यासमोर खोटं बोलावं लागायचं. नव्वदाव्या वर्षी रोज पाच वेळा खोटं बोलणं हे सोपं काम नाही. त्यांची झोप उडाली, जेवण तुटलं. पद्मजेला त्यांची दया आली का? नाही आली. आली असती तर तिलाच बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी जयवंतभाऊ पुलर न्यायला आले. खिशातून तिळगुळाची पुडी काढून त्यांनी तात्यांच्या हातावर लाडू ठेवला, पाया पडले आणि खुर्चीत बसताच त्यांची नजर पिस्टनवर गेली. कुणालाही न विचारता त्यांनी तो उचलून खिडकीपाशी नेला. यंत्र हातात आलं की त्यांची मालवणी वर यायची.

“ह्यां लॉक कोणी बसवल्यान?”

पद्मजा स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. तिनं गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

“पद्मजेनं बिघडवलंय ते,” तात्या म्हणाले.

“ताईनं?” जयवंतभाऊंनी पिस्टन उजेडात फिरवला. “नाय. ताईचं काम मी बघितलंय, असलं नसतं. पकडीचे दात बघा की याच्यावर. जुनं लॉक ठोकून घातलंय कुणीतरी. आमच्या गिरणीत फिटरनं असं केलं असतं ना, तर मुकादमानं गेटबाहेर काढला असता.” ते वळून तात्यांसमोर आले. “कोणी बसवलं, तात्या?”

तात्यांनी हातातला तिळगूळ बाजूला ठेवला. वाडीतल्या लोकांना पिस्टन म्हणजे लोखंडाचा डबा. त्यांना काहीही सांगून भागत होतं. हा माणूस तो डबा वाचत होता.

“मी,” तात्या म्हणाले.

जयवंतभाऊंनी मान हलवली. “आणि गाडी कोण चालवत होतं? नाय, विचारतो एवढ्याचसाठी की असं इंजिन धरलं ना, की मागचं चाक जाग्यावर लॉक. माणूस वरून फेकला जातो. दोन पोरं गेलेली बघितलीत मी, आमच्या करी रोडच्याच पुलावर.”

“ही चालवत होती.”

“ताई? आणि पडल्या नाय?”

“नाही पडली.” तात्या एकदम चिडल्यासारखे बोलायला लागले, जणू समोरच्या माणसानं काही आरोप केला होता. “दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत गेलो मरीन ड्राइव्हला. रस्त्यावर टायरची काळी रेघ होती. पावलांनी मोजली, चार फूट. साठच्या वेगात चाक अडकलं आणि चार फुटांत हिनं क्लच दाबून चाक सोडवलंन. कुणी शिकवलं नव्हतं हिला. मला जमलं नसतं ते. विनीत असता तर जागच्या जागी मेला असता.”

पद्मजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला रडू आलं नाही. तिला राग आला. या माणसानं दुसऱ्याच दिवशी जाऊन रेघ मोजली होती. त्या रेघेवरून आपली मुलगी काय आहे हे त्याला तेव्हाच कळलं होतं, दुसऱ्या कुणालाही कळलं नव्हतं एवढं कळलं होतं, आणि तरी तो पंगतीत हातवारे करत होता. न कळणाऱ्या बापाला ती माफ करू शकली असती. तिनं फोन घेतला, विनीतचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकून फोन तात्यांच्या मांडीवर ठेवला.

“बोल ताई,” विनीतचा आवाज आला. “शनिवारचं नक्की ना?”

“तात्यांना बोलायचंय.”

तात्यांनी जयवंतभाऊंकडं बघितलं. ते पिस्टन हातात धरून तसेच उभे होते. त्यांच्यासमोर एकदा ‘मी’ म्हणून झाल्यावर आता शब्द फिरवायची सोय राहिली नव्हती.

“विनीत,” तात्या म्हणाले, “त्या वेळी गाडी बंद पडली ती माझ्यामुळं. लॉक मी जुनं घातलं होतं. हिनं तेल घातलं होतं. मला नंतर कळलं, पण मी बोललो नाही. पद्मजेची चूक नव्हती.”

पलीकडं ध्रुवच्या कॅफेतला मिक्सर घरघरत होता. तो थांबला.

“अच्छा,” विनीत म्हणाला. “बरं. पण तात्या, किती जुनी गोष्ट ती, चाळीस वर्षं झाली. कशाला उगाळताय आता? ताई, टेम्पो सकाळी पाठवू की दुपारी? ड्रायव्हरला आजच सांगावं लागेल.”

पद्मजेनं हे वाक्य मनातल्या मनात हजार वेळा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते ऐकल्यावर विनीत गप्प व्हायचा, मग माफी मागायचा. प्रत्यक्षात त्याला टेम्पोची वेळ हवी होती. ज्याच्यासाठी तिनं एवढं आकांडतांडव केलं त्याच्या लेखी ते कधीच महत्त्वाचं नव्हतं. ‘सीझ आत्या’ हा त्यांचा विनोद होता आणि त्यात तिचा जन्म गेला. खोलीत ते वाक्य समजणारी माणसं तीनच होती, आणि त्यातला एक तिळगूळ द्यायला आलेला परका गृहस्थ.

“टेम्पो पाठवू नकोस,” ती म्हणाली. “गाडी पुण्याला येणार नाही.”

“अगं पण ठेवणार कुठं? आणि चालवणार कोण ती, तू?”

“मी.”

विनीत हसला. तात्यांनी काठी जमिनीवर आपटली. त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, खरखरीत आणि हुकमी.

“साठी उलटली तुझी. पडशील.”

“तेव्हा पडले नव्हते,” पद्मजा म्हणाली, आणि तिनं फोन कापला.